तांबडी सुर्लच्या धबधब्याची वाट

गोव्याला निघालेला माणूस तोंड पश्चिमेकडे करतो. समुद्र, मंगेशी, शांतादुर्गा आणि येताना काजूची पिशवी, एवढा त्याचा गोवा. पण गोव्याला पूर्वेचीही एक बाजू आहे आणि ती सारी रान आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. सह्याद्रीचा कडा तिथे थेट गोव्याच्या अंगावर उतरतो. त्या उतारावर मोलेजवळ भगवान महावीर अभयारण्य आहे. त्याच्या पोटातले राष्ट्रीय उद्यान धरून ते २४० चौरस किलोमीटरचे. याच रानाच्या कडेला तांबडी सुर्ल नावाचे गाव, तिथे कदंबांच्या काळातले महादेवाचे देऊळ, आणि देवळापलीकडच्या जंगलात तासाभराच्या वाटेवर एक धबधबा.

आम्ही निघालो होतो ते खरे म्हणजे कुळागरे पाहायला. कुळागर म्हणजे गोव्यातली नारळ-सुपारी-मसाल्याची बाग. माणदेशातले अठरा शेतकरी होते, त्यांत सहा बायका. दिवस पितृपंधरवड्याचे. या दिवसांत बाजरी कणसात आलेली असते, ज्वारीच्या पेरणीला अजून थोडा अवकाश असतो आणि कार्यप्रसंग नसल्यामुळे कुणाचा खोळंबा होत नाही. ज्यांच्या घरची पितरे उरकली होती ते आले. बाकीच्यांनी "फुडच्या खेपंला" म्हणून सांगितले.

या मंडळींविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढची सारी गोष्ट त्यांच्या नजरेची आहे. माण तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली माणच्याच टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळवला, हे वाचकांना आठवत असेल. त्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांनीही कुदळी उचलल्या. आमच्या या अठरा जणांनीही आपल्या डोंगरावर सलग समतल चर खोदले होते. हाताला फोड आले होते. पहिली दोन वर्षे विहिरींना पाणी आले. मग एकेका पावसाळ्याने ते चर गाळाने भरत गेले. आता पुन्हा खोदायचे की नाही, यावर गावात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, खोदा. दुसरा म्हणतो, पुन्हा भरणारच असतील तर घाम कशाला गाळायचा? हे भांडण बसमध्ये आमच्याबरोबरच होते.

बेळगाव सोडून रामनगरच्या पुढे अनमोडचा घाट उतरलो आणि हवा बदलली. खिडकीतून ओला, कुजल्या पानांचा वास आत आला. "पावसाळी गोठ्यासारखा वास हाय," असे मागून कुणीतरी म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. मोलेहून तांबडी सुर्ल बारा-तेरा किलोमीटर. रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंनी झाडी.

देऊळ लहान आहे, पण पाहताच माणूस गप्प होतो. बाराव्या-तेराव्या शतकातले बांधकाम, काळ्या कातळाचे. हा काळा दगड तिथला नव्हे. तिथे सगळीकडे तांबडा जांभा. घाटावरून तो दगड आणला असावा असे जाणकार मानतात. म्हणजे दगड आमच्याकडचा, असे म्हणून आमच्या आबांनी खांबावर थाप मारली. मंडपाला चार कोरीव खांब आहेत, छताला दगडी कमळ आहे, आणि नंदीला डोके नाही. गोव्यात जुनी देवळे फार थोडी उरली. हे उरले ते जंगलाने झाकले होते म्हणून, असे म्हणतात. देवळाशेजारून नदी वाहते आणि तिच्या काठाला दगडी पायऱ्या आहेत.

आमच्या काकू त्या पायऱ्यांवर पाय धुवायला उतरल्या आणि तिथूनच हाक मारली, "अवो, हिकडं या! ह्या पाण्याचा तळ दिसतोय!"

गावाच्या नावात तांबडी आहे, माती तर तांबडी आहेच, आणि आदल्या रात्री पाऊसही पडून गेला होता. आमच्याकडे वळवाचा एक पाऊस झाला की ओढ्याला चहासारखे पाणी येते. इथे नदी दुथडी वाहत होती आणि तळाचे गोटे मोजता येत होते. काकूंनी ओंजळ भरून पाणी उन्हाकडे धरले, पाहिले आणि काही न बोलता सोडून दिले.

जंगलाच्या फाटकावर रक्षकाने आमची मोजदाद केली, बरोबरच्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या आणि नदीचे पाणी पाहून मगच सोडले. हा कारभार उगाच नाही. २०२३ च्या जुलैत नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे जण बुडाले. त्यानंतर गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली आणि पुढे काही ठिकाणे अटी घालून उघडली. बरोबर गावातला एक वाटाड्या घेतला. पन्नाशीचा, काटक, कमरेला आकडी अडकवून त्यात कोयता. बोलणे कोंकणी, पण आपल्याला समजेल असे.

पहिल्या शंभर पावलांतच चिखल लागला. साधासुधा नव्हे. घोट्यापर्यंत, कुठे पोटरीपर्यंत, लोण्यासारखा मऊ आणि तांबडाभडक. आमच्यातल्या दोघा तरुणांनी नवे बूट घातले होते. ते दहा पावलांत घसरले आणि वाटेच्या कडेकडेने, झाडे धरत चालू लागले. त्यांच्यामागे बाकीचेही कडेला सरकले. वाटाड्या मागे वळला आणि ओरडला, "चिखलांतल्यानूच चलात! कुशीक वचूं नाकात!"

म्हणजे चिखलातूनच चाला, कडेला जाऊ नका. आम्हांला वाटले, सापाचे भय असेल. ते होतेच. चापडा नावाचा विषारी साप तिथे पानांच्या रंगाचा होऊन फांदीवर निवांत पडलेला असतो, म्हणून फांदी न पाहता धरू नये. पण त्याच्या सांगण्याचे कारण निराळे होते. त्याने कोयत्याच्या टोकाने दाखवले: ही वाट त्याच्या लहानपणी एका माणसापुरती होती. आता ती काही ठिकाणी बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली आहे. जो येतो तो चिखल टाळायला कडेने जातो, कडेचा पाचोळा तुडवतो, तिथे चिखल होतो, आणि पुढचा त्याच्याही कडेने जातो.

हे ऐकल्यावर मी खाली पाहिले, आणि मग सगळ्यांना थांबवून दाखवले. चिखल फक्त वाटेवर होता. वाटेपासून हातभर आत पाऊल टाकले तर पाय चार बोटे खाली दबे आणि वर काढला की पायाला मातीचा ठिपका नसे. तोच पाऊस, तीच माती, तोच उतार. एका हाताच्या अंतरावर रबडी आणि गादी शेजारी शेजारी होत्या.

शेतकऱ्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. कोकणात भात लावण्याआधी खाचरात चिखलणी करतात. ती कशासाठी? मातीचे कण मोडून, बसवून पाणी जिरू नये म्हणून. या वाटेवर हजारो पायांनी तीच चिखलणी केली होती. भाताला ती हवी, पण डोंगराच्या उतारावर झाली तर जिरायचे पाणी वाटेने धावते, आणि वाटेची नाली होते. आमच्या समोरच ती झालेली होती. दोन ठिकाणी वाट कमरेएवढी खोल गेलेली होती आणि दोन्ही बाजूंना झाडांची मुळे उघडी, दोरखंडासारखी लोंबत होती.

जळवांचे सांगायलाच हवे, कारण बायकांनी जळवांवरून वाटेतच परत फिरायचे मनावर घेतले होते. पानांच्या टोकाला काडीएवढी जळू उभी राहून डोलत असते आणि माणूस जवळ आला की चिकटते. दुखत नाही; रक्त मात्र बराच वेळ थांबत नाही, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. ओढून काढू नये. नखाने तिचे तोंड बाजूला सारावे, किंवा मीठ लावावे. आमच्या तात्यांनी खिशातली तंबाखू चुन्यात मळून पायांना फासली आणि साऱ्या वाटेत त्यांना एकही जळू लागली नाही. व्यसनाचा एवढा एकच फायदा मी आजवर पाहिला. जळवेने आजार होत नाही. गोचिडीचे तसे नाही. हिवाळा-उन्हाळ्यात या पट्ट्यात गोचिडीमुळे माकडताप होतो. २०१६ च्या सुरुवातीला शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्या पुष्कळ माणसांना तो झाला. जंगलात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये आणि आरोग्य केंद्राला कळवावे.

वाट चढू लागली तसे रान दाट झाले. दुपारचे बारा वाजले होते आणि उजेड संध्याकाळसारखा. किंजळ, नाणा, बेहडा, जांभूळ, मध्येच भिरंडीची झाडे. भिरंड म्हणजे आपले कोकम. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेले. वरून धनेश पक्षी गेला तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज रेल्वेच्या वाफेसारखा आला. सारे माना वर करून पाहत राहिले.

एका झाडाच्या खोडावर हिरवी वेल चढली होती आणि तिला बारीक हिरव्या मण्यांचे घोस होते. आबांनी एक मणी तोडून चावला आणि तोंड वाकडे केले. ते मिरे होते. जंगली मिरे. उभा जन्म किराणा दुकानातून दहा-वीस ग्रॅमची पुडी आणलेल्या माणसाला ते झाडावर दिसले! त्यापुढे सुमारे अर्धा तास ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मग एकदम म्हणाले, "सायेब, ह्ये कुणी लावलं हो?"

"कुणी नाही आबा."

"पाणी कोण देतं?"

"कोणीच नाही."

"आन् खत?"

मी खाली बोट दाखवले. पाचोळा होता, वीतभर. वरची पाने कोरडी, तपकिरी. त्याखालची ओली, जाळीदार. त्याखालची काळी, पाने होती हे ओळखू न येणारी. आणि त्याच्याही खाली ती तांबडी माती, मुळांच्या बारीक केसांनी शिवलेली. गांडुळांची विष्ठा जागोजाग. जंगलाची माती म्हणजे सोने, असे आपण समजतो. इथे ती समजूत चालत नाही. एवढ्या पावसात मातीतले सत्त्व धुऊन गेलेले असते. जे आहे ते झाडांत आणि या पाचोळ्यात. पान पडले की दोन पावसाळ्यांत कुजून परत मुळात जाते, हा फेरा चालू आहे तोवर रान आहे. पूर्वी गोव्यात डोंगरावर कुमेरीची शेती करीत. जंगल तोडायचे, जाळायचे, राखेत नाचणी पेरायची. दोन-तीन पिके झाली की ती जागा सोडून पुढे जावे लागे, कारण राखेबरोबर सत्त्वही संपलेले असे.

आता आमच्या भांडणाचा मुद्दा आला. तो मी काढला नाही, काकूंनी काढला. त्या अनवाणी चालत होत्या आणि साऱ्यांत नीट चालत होत्या. "हितं आमच्या सहापट पाऊस पडतो म्हणता," त्या म्हणाल्या. "ह्या डोंगराला एक बी चर न्हाई. मग पाणी अडतंय कशानं?"

आमच्याकडे पाऊस सहा वर्षांत जेवढा पडतो तेवढा, म्हणजे तीन हजार मिलिमीटर आणि घाटाकडे त्याहूनही जास्त, इथे मुख्यतः चार महिन्यांत पडतो. प्रश्न अगदी नेमका होता.

कुणी म्हणाले, झाडे आहेत म्हणून. हे उत्तर अर्धेच आहे, आणि अर्ध्या उत्तरामुळे आपल्याकडे फार रोपे वाया गेली आहेत, म्हणून जरा खोलात जातो. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर तो हातोड्यासारखा बसतो, मातीचा कण फोडतो आणि उडवतो. फुटलेले कण मातीच्या छिद्रांत बसतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी जिरायचे थांबते. झाडावर पडलेला थेंब थांबतो खरा, पण पानाच्या टोकावर चार थेंब मिळून एक मोठा थेंब होतो आणि तो खाली पडतो. झाड तीस फुटांच्या वर उंच असेल तर जमिनीला टेकेपर्यंत त्याचा वेग पुन्हा जवळजवळ तेवढाच होतो. म्हणजे नुसत्या उंच झाडाने माती वाचत नाही.

याचा पुरावा आम्ही येताना रस्त्याकडेला पाहिला होता. तिथे सागाची लागवड होती. रांगेत लावलेली, सरळसोट, देखणी. खाली मात्र काही नाही. पाचोळा जळालेला किंवा वाहून गेलेला. जमिनीवर प्रत्येक खडा मातीच्या लहानशा खांबावर उभा होता. खड्याने आपल्या डोक्यावर थेंब झेलला म्हणून त्याच्याखालची माती राहिली आणि भोवतालची गेली. आपल्या शेतात पावसाळ्यानंतर असे खांबावरचे खडे दिसले, तर ते जेवढे उंच तेवढी आपली माती त्या वर्षी गेली असे समजावे.

इथे जंगलात थेंब झेलतो तो पाचोळा. माती त्याच्याखाली झाकलेली, पोकळ, गांडुळांनी भोके पाडलेली. पाणी पाचोळ्यातून झिरपते, मातीत शिरते आणि धावायला पाणीच उरत नाही. चर धावणाऱ्या पाण्यासाठी असतो. इथे पाणी धावतच नाही, मग चर कशाला?

"म्हंजी आमचं चर फुकट गेलं म्हणा," तात्या म्हणाले. ते खोदू नका म्हणणाऱ्या तटातले.

तसे नव्हे. बोडक्या डोंगरावर पाणी धावणारच, आणि त्याला चर लागणारच. पण चराच्या वरचा उतार उघडा राहिला तर धावणारे पाणी आपल्याबरोबर माती आणते आणि चर भरतो. १९८३ साली ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी आपल्या देशाचा हिशेब मांडला होता. दर वर्षी दर हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती वाहून जाते, असा. एकराला साडेसहा टन. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरून शेतातली वरची, खाल्लेल्या-पिल्लेल्या खताची माती कुणी चोरून नेली तर आपण पोलिसांत जाऊ. ही चोरी चार महिने दिवसाढवळ्या चालते.

बोलण्यावर माणदेशी माणूस पटकन विश्वास ठेवीत नाही. म्हणून दोन बाटल्या घेतल्या, त्यांत ओढ्याचे पाणी भरले. एकीत वाटेवरच्या सुकल्या कडेचे ढेकूळ टाकले, दुसरीत पाचोळ्याखालचे. वाटेवरचे ढेकूळ पाण्यात पडताच विरघळू लागले आणि दोन मिनिटांत बाटली चहाच्या रंगाची झाली. पाचोळ्याखालचे ढेकूळ तळाशी जाऊन बसले ते बसलेच, पाणी नितळ. बाटल्या हातोहात साऱ्यांनी पाहिल्या. मग दोन्ही तिथेच ओतून रिकाम्या बाटल्या पिशवीत टाकल्या, कारण फाटकावर हिशेब द्यायचा होता. हा प्रयोग कुणालाही घरी करता येईल. एक ढेकूळ नांगरटीच्या रानातले घ्यावे, एक बांधावरच्या गवताखालचे. ढेकळे मात्र दोन्ही वाळलेली असावीत.

वाटेत ओढा तीन वेळा ओलांडावा लागला. दोर धरून, एकेकाने, कडेला काठी टेकत. वाटाड्या स्वतः मधोमध पाण्यात उभा राहिला आणि साऱ्यांना हात देऊन पार केले. एक गोष्ट त्याने सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. रानातल्या ओढ्याचे पाणी एकदम गढूळ होऊ लागले, वरून पाने-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज जड झाला, तर तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी पाण्यातून बाहेर निघायचे. वर कुठेतरी मोठा पाऊस झालेला असतो. मोठ्या पुरात हे पाणीही तांबडे होते, पण एक-दोन दिवसांत निवळते, असे तो म्हणाला.

मग धबधब्याचा आवाज आधी पायांना कळला, नंतर कानांना. शेवटचा तुकडा सगळा शेवाळलेल्या धोंड्यांचा. काकूंनी साडीचा ओचा खोचला आणि बसत-सरकत तो पार केला. बूटवाले दोघे चार पायांवर आले.

धबधबा एका उंच काळ्या कातळावरून पसरून येतो आणि खाली डोहात पडतो. तुषारांनी पन्नास पावलांवरच अंग भिजते. आमच्या मंडळींनी एवढे पाणी एका जागी पडताना कधी पाहिले नव्हते. जानेवारीपासून टँकरची वाट पाहणारी माणसे ती. कोणी ओरडले नाही, कोणी फोटोसाठी पुढे गेले नाही. एक वहिनी डोळे पुसत होत्या. तुषार होते की दुसरे काही, मी विचारले नाही. आबा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "एवढं पानी अन् गाळाचा वास न्हाई."

डोहात उतरायला सक्त मनाई होती आणि ती योग्यच होती. डोहाची खोली वरून कळत नाही, पडणारे पाणी माणसाला खाली दाबून धरते आणि कडेचा दगड साबणासारखा असतो. आपल्याकडच्या विहिरीत पट्टीचे पोहणारे अशा ठिकाणी बुडतात. आम्ही काठावर बसून भाकरी, चटणी, शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. आधी येऊन गेलेल्या कुणीतरी वेफर्सची पाकिटे कपारीत खुपसून ठेवली होती. वाटाड्याने ती काढली आणि काही न बोलता आपल्या पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी कुळागरे पाहिली आणि आदल्या दिवसाच्या रानाचे कोडे अर्धे तिथे सुटले. झऱ्याच्या बाजूला उतारावरची बाग. वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरवेल, खाली जायफळ, केळी, त्याखाली अननस, हळद. पाणी झऱ्यावरून पाटाने येते. सुपारीची झावळी, केळीचे खुंट, नारळाच्या शेंड्या, सारे झाडांच्या बुंध्यात परत जाते. जाळत काही नाहीत. म्हणजे रानातच सोयीची झाडे बसवून घेतली आहेत. हे माणदेशात जसेच्या तसे होणार नाही. जिथे प्यायला पाणी नाही तिथे जायफळ कोण लावणार? पण बुंध्यातले आच्छादन डाळिंबाला चालते, शेवग्याला चालते. बाजरीचे सरमाड गुरांना गेल्यावर जे उरते ते जाळण्याऐवजी सरीत पडले तर एखादी पाळी पाण्याची वाचते, हे तिघा-चौघांनी तिथल्या तिथे मान्य केले.

परतीच्या बसमध्ये मात्र खरी ओढाताण झाली. चर पुन्हा खोदायचे, पण त्याच्या वरच्या उताराला दोन वर्षे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि उन्हाळ्यात वणवा लावायचा नाही, असे एका तरुणाने मांडले. तात्यांच्या शेळ्या पस्तीस. ते म्हणाले, "आन् माझी शेरडं काय माझ्या डोस्क्यावर चारू?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. डोंगर बंद केला की त्याची किंमत सगळे गाव देत नाही, ज्याच्याकडे शेरडे आणि जमीन नाही तो देतो. काकूंनी तोड सुचवली: डोंगराचे तीन भाग करू, एका वेळी एकच बंद ठेवू, आणि बंद भागातले गवत कापून न्यायला पहिला हक्क शेळीवाल्यांचा. कापलेले गवत मुळे धरून ठेवते, चरलेले उपटून येते. तात्या कबूलही झाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. निपाणीपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. ग्रामसभेत विषय घ्यायचा एवढे ठरले आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. बेळगावहून रामनगर, अनमोड घाट उतरून मोले, आणि तिथून तांबडी सुर्ल. पावसात घाटरस्ता खचतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. भर पावसाळ्यात धबधब्याकडे जाण्याचा हट्ट धरू नये. देऊळ आणि नदी तेवढ्यावर समाधान मानावे. भाद्रपद संपता संपता किंवा दसऱ्यानंतर, वनखात्याच्या फाटकावर विचारून, वाटाड्या घेऊन जावे. सकाळी लवकर निघावे, म्हणजे दुपारी तीनच्या आत रानाबाहेर येता येते. पायांत तळाला खाचा असलेले, जुने, बांधता येणारे जोडे घालावेत. चप्पल चिखलात राहते, आमच्या दोन राहिल्या. मीठ किंवा तंबाखू-चुना, हातात काठी, एक जोड सुके कपडे बसमध्ये. आणि वाटेत चिखल लागला की मधूनच चालावे.